कोरा फ्लॅश

नवा कॅमेरा दुकानात आला तेव्हा फोटोवाल्यानं तो सगळ्यांच्या हातात दिला. बायकोच्या दिला, शेजारच्या औषधवाल्याच्या दिला, पत्ता विचारायला आत डोकावलेल्या एका अनोळखी माणसाच्यासुद्धा दिला. फक्त बहिणीच्या हातात दिला नाही. "तुझे हात ओले असतात, ताई," म्हणाला. ते खरंच होतं. घरातली भांडी, दुकानाची फरशी आणि अल्बमला लागणारी खळ, सगळं त्याच हातांच्या वाट्याला होतं. मग ते कोरडे राहणार कधी?

तसा फोटोवाला डिजिटलच्या नावानं बोटं मोडणाऱ्यांतला. "खेळणं आहे ते," असं दुकानात येणाऱ्या प्रत्येकाला तो न विचारता सांगायचा. पण रस्त्याच्या टोकाला नवा स्टुडिओ निघाला, तिथं फोटो काढला की जागच्या जागी दिसायला लागला, आणि याची गिऱ्हाईकं दारावरून मान फिरवून पुढं जाऊ लागली. रोल धुणाऱ्या लॅबनंही रोज यंत्र चालवायचं बंद केलं. तेव्हा कुठं साहेबांचं डोकं ठिकाणावर आलं. त्यानं डिजिटल एसएलआर घेतला, तोही असा बघून घेतला की जुन्या लेन्स त्याला बसतील आणि वरचा जुना फ्लॅशही चालेल. मग आठवडा उलटायच्या आत तो असा बोलू लागला, जणू डिजिटलचा शोध यानंच लावलाय. "रोल नाही, धुणं नाही, वाट बघणं नाही. हवे तेवढे काढा, खर्च शून्य!" हे त्यानं इतक्यांदा म्हटलं की पार्टिशनमागं अल्बम चिकटवत बसलेल्या ताईलाही ते पाठ झालं.

जुना कॅमेरा त्यानं कपड्यात गुंडाळून कपाटात ठेवला. पण त्या कॅमेऱ्याबरोबरची एक चलाखी त्याच्या अंगात मुरलेली होती. ती काही कपाटात ठेवता येत नव्हती.

चलाखी साधी होती. समारंभ कुणाचाही असो, फोटोवाला दिसला की लोकांना ऊत येतो. कुणाचे लांबचे मेहुणे, कुणाचे शेजारी, कुणी नुसतेच जेवायला आलेले, सगळे "आमचा पण एक घ्या ना" म्हणून मागं लागतात. प्रत्येकावर रोल उधळला तर दुकानाला कुलूप लागायचं, आणि नाही म्हटलं तर माणूस रुसतो. फ्लॅशच्या पाठीला एक बारीकसं बटण असतं, फ्लॅश चालतो की नाही ते बघण्यासाठी. ते अंगठ्यानं दाबलं की लख्ख उजेड पडतो, माणूस खूश होतो आणि रोल जागचा हलत नाही. याला तो कोरा फ्लॅश म्हणायचा. आवाजाची तेवढी अडचण होती, कारण शटरचा आवाज आला नाही तर एखाद्याला संशय यायचा. म्हणून त्यानं जीभ टाळूला लावून "टक" काढायला शिकून घेतलं. ऐन उमेदीत तो कॅमेरा कानाशी धरून बसायचा, एकदा शटर आणि एकदा जीभ, एकदा शटर आणि एकदा जीभ, दोन्ही एकसारखे वाजेपर्यंत. दुसरं कोणतंही शिक्षण त्यानं एवढं मन लावून घेतलं नव्हतं. फोटो मागायला कुणी आलंच तर "लॅबवाल्यानं घोळ केला हो," म्हणून तोंडाला पानं पुसायला तो मोकळा.

या कोऱ्या फ्लॅशचं सगळ्यात जुनं आणि सगळ्यात भोळं गिऱ्हाईक म्हणजे त्याची ही सख्खी थोरली बहीण.

ताईसाठी स्थळं बघायची होती तेव्हाची गोष्ट. वडील गेलेले, आई अंथरुणाला खिळलेली आणि फोटोवाल्याचं स्वतःचं लग्न ठरत आलेलं. स्थळाकडे पाठवायला त्यानं ताईचा फोटो काढला. रोल धुतल्यावर अंधाऱ्या खोलीत त्यानं ती पट्टी लाल दिव्यासमोर धरली. उलट्या काळ्या-पांढऱ्यातसुद्धा कळत होतं की पोरगी देखणी आली आहे. हे फोटो बाहेर गेले की ताई गेलीच. मग आईला कुशीवर वळवणार कोण, दुकान झाडणार कोण, आणि नव्या नवरीनं घरात पाऊल ठेवल्या ठेवल्या आजाऱ्याची भांडी उचलायची का? पट्टीत एकच फोटो असा होता की ताईची पापणी ऐन वेळी लवली होती. त्यानं तेवढाच मोठा करून छापला. बाकीच्या पट्टीवर कात्री चालवली आणि तुकडे केरात टाकले. वाईट वाटलं का? वाटलं असेल, पण हात थांबला नाही एवढं खरं.

"मिटलेस बघ डोळे," त्यानं प्रिंट दाखवून सांगितलं. ताईलाच कसंनुसं झालं. "परत काढ ना, बाळ," ती म्हणाली. त्यानं परत काढला. पण आता तिच्यावर रोल कशाला घालवायचा? अंगठा, उजेड, टक. "परत मिटले!" पुढच्या महिन्यात पुन्हा तेच, त्याच्या पुढच्या महिन्यात पुन्हा तेच. फोटोशिवाय स्थळं पुढं सरकेनात. एकदोघं पाहायला आले आणि जाताना आईच्या खोलीकडं बघून गेले. मग वय झालं, मग विषय निघेनासा झाला.

तो मिटल्या डोळ्यांचा प्रिंट मात्र वाया गेला नाही. फोटोवाल्याच्या बायकोनं तो काउंटरच्या काचेखाली सरकवून ठेवला. लहान मूल फोटोला बसताना चुळबुळ करायला लागलं की ती काचेवर बोट ठेवायची. "डोळे मिटलेस तर असा येईल हं फोटो!" मूल हसायचं, आईबाप हसायचे, आतून चहा घेऊन आलेली ताईही हसायची. लोक तिला मिटूताई म्हणायला लागले. सरकारी ओळखपत्रावर दुसऱ्या कुणी काढलेला तिचा एक फोटो होता म्हणा, पण तो इतका काळा छापला होता की डोळे कुठले आणि गाल कुठले, हे खुद्द छापणाऱ्यालाही सांगता आलं नसतं.

आणि ताईनं काय केलं? तिनं डोळे न मिटायची सवय लावून घेतली. भांडी घासताना नळाच्या धारेकडं एकटक बघायचं, पापणी लववायची नाही. कांदा चिरताना पाणी गळू दे, पण मिटायचे नाहीत. वेणी घालताना आरशात स्वतःशीच नजर लावायची. वर्षानुवर्षं तिनं हे व्रतासारखं केलं. गल्लीतली पोरं तिच्याशी पैज लावायची की आधी डोळे कोण मिटतं, आणि झाडून सगळी हरायची. डोळे कोरडे पडून लाल व्हायला लागले तेव्हा डॉक्टर म्हणाला, "पापण्या लववत जा हो बाई, त्या त्यासाठीच असतात." तिनं डोळ्यांत घालायचे थेंब घेतले आणि सवय चालू ठेवली. तोंडावर फ्लॅश फुटला तरी तिची पापणी हलत नसे. घरातल्या प्रत्येक कार्यात ती कडेला उभी राहून म्हणायची, "बाळ, माझा एक." अंगठा, उजेड, टक.

"एवढं करूनही मिटतातच कसे रे?" ती विचारायची.

"नेमक्या क्षणी मिटतेस, ताई. तुला कळतही नाही," फोटोवाला सांगायचा, आणि मान हलवून हळहळायचासुद्धा.

अशा सगळ्या सुरळीत चाललेल्या संसारात बाइंडरनं माती कालवली.

बाइंडर म्हणजे दुकानाचे अल्बम बांधून देणारा. विधुर, मितभाषी, बोटांना कायम डिंक. ताई पानं चिकटवायची आणि तो येऊन गठ्ठा घेऊन जायचा. एवढ्या वर्षांत दोघं जे काही बोलले असतील ते खळीच्या दाटपणाबद्दल. पण एके दिवशी गठ्ठा बांधता बांधता तो फोटोवाल्याला म्हणाला, "स्पष्टच बोलतो, राग मानू नका. मुलगी तिच्या घरी सुखी आहे, मी एकटा पडलोय. तुमच्या ताईंना विचारलं होतं. त्या म्हणाल्या, बाळला विचारा."

तोंडावर हसू आणायला फोटोवाल्याला कधी अडचण पडली नाही. "अहो, आनंदच आहे! आमची कशाला ना असेल?"

"फक्त एक आहे. मुलगी लांब असते, तिला लगेच येता येणार नाही. ती म्हणते, आधी फोटो पाठवा, बघू दे कोण आहे." बाइंडरनं काउंटरच्या काचेकडं पाहिलं. "हा काही पाठवता येणार नाही. नव्या कॅमेऱ्यानं एक चांगला काढून द्या."

पार्टिशनमागं ताईचा हात खळीच्या भांड्यातच थांबला.

दुपारी स्वयंपाकघरात बायकोनं नवऱ्याला फैलावर घेतलं. "वन्सं गेल्या तर मी एकटी मरू का या घरात? माझ्या गुडघ्यांचं काय? आणि ते अल्बम कोण चिकटवणार, तुम्ही?"

"हळू बोल. ताईचे डोळे मिटतात हे सगळ्या गावाला ठाऊक आहे."

"अहो, पण आता त्या कॅमेऱ्याच्या मागच्या काचेत लगेच दिसतं ना! सगळ्यांना तेच तर सांगत सुटलाय."

"दिसतं तसं पुसताही येतं," फोटोवाला म्हणाला. "वाईट आला, पुसला. रोल नाही की पट्टी नाही. मागं काही म्हणून राहत नाही."

बायकोच्या जिवात जीव आला. तिनं ताईलाच हाक मारून चहा टाकायला सांगितला.

ठरलेल्या दिवशी बाइंडर धुतलेले कपडे घालून आला आणि स्टुडिओतल्या बाकावर बसला. ताईनं ठेवणीतले निळे कपडे घातले होते. केस नीट विंचरले होते, डोळ्यांत थेंब घातले होते आणि हात पुसून पुसून कोरडे केले होते. ती पडद्यासमोरच्या स्टुलावर बसली. इतकी खूश होती की तिला बोलल्याशिवाय राहवेना. "आता बरं झालं, नाही का? मिटले तर लगेच कळेल. तू सांग, की परत काढू. खर्च शून्य ना?"

"शून्य!" फोटोवाला म्हणाला.

दिवे लावून झाले. ते जमलेत का बघायला त्यानं आधी बायकोला उभं केलं. कॅमेरा वाजला, खळप. मग बाइंडरला बसवलं. खळप. नव्या कॅमेऱ्याचा आवाज जाड आणि दबका होता, जाडजूड पुस्तक मिटल्यासारखा. मग कॅमेरा ताईवर रोखून तो थोडा वेळ थांबला, म्हटलं आपोआप पापणी लवते का बघू, म्हणजे खराच मिटलेला फोटो मिळेल. पण त्या डोळ्यांत हालचाल म्हणून नाही. अखेर जुनाच उपाय. अंगठा, उजेड, टक.

"अरेरे!" तो मागच्या काचेत बघून चुकचुकला. "मिटले, ताई. थांब, पुसतो." त्यानं कुठलंतरी बटण दाबल्यासारखं केलं.

ताईचा चेहरा पडला. ती सावरून बसली, पाठ ताठ केली. अंगठा, उजेड, टक. "परत तेच. पुसतो."

बाइंडर बाकावर अस्वस्थ झाला. फोटोवाल्यानं तिसऱ्यांदा कॅमेरा उचलला, तर ताईनं हात वर केला.

"थांब, बाळ. ह्याचा आवाज असा नाही."

"कशाचा?"

"ह्या कॅमेऱ्याचा. आला तेव्हापासून ऐकतेय मी पार्टिशनमागून. औषधवाल्याचा काढलास, खळप. हिचा काढलास, खळप. ह्यांचा आत्ता काढलास, खळप. माझाच टक कसा?"

फोटोवाला हसला. "ताई, उजेडावर असतं ते. उजेड बदलला की आवाज बदलतो."

"टक जुन्या कॅमेऱ्याचा आहे. तो तर त्या कपाटात आहे." तिनं कपाटाकडं पाहिलं, मग भावाच्या हातातल्या कॅमेऱ्याकडं पाहिलं, आणि मग तिची नजर हळूहळू त्याच्या तोंडाशी येऊन थांबली. इतकी वर्षं त्यानं जीभ जुन्या शटरशी जुळवून ठेवली होती. कॅमेरा बदलला तेव्हा जीभही बदलायला हवी, हे शहाण्याच्या डोक्यातच आलं नव्हतं.

"जीभ बाहेर काढ," ताई म्हणाली.

"काय?"

"जीभ बाहेर काढ आणि तशीच ठेव. मग काढ माझा फोटो."

बाइंडरला वाटलं बहीणभावांची काही जुनी थट्टा असेल, तो हसला. फोटोवाल्याची बायको मात्र दाराच्या चौकटीला धरून उभी राहिली. फोटोवाल्यानं "काय हे पोरखेळ" असं काहीतरी पुटपुटून बघितलं, पण ताई हसत नव्हती आणि पापणीही लववत नव्हती. शेवटी त्या पन्नाशीच्या माणसानं सगळ्यांदेखत जीभ बाहेर काढली, कॅमेरा डोळ्याला लावला आणि बटण दाबलं. दुसरं करणार काय होता?

खळप.

ताई स्टुलावरून उतरली आणि तिनं कॅमेरा त्याच्या हातातून काढून घेतला. तिच्या हातात तो पहिल्यांदाच आला होता. "उघडे आहेत," ती म्हणाली. मग मोठ्यानं म्हणाली, "उघडे आहेत माझे! बघा, उघडे आहेत!" तिनं कॅमेरा बाइंडरसमोर धरला. तिला इतका आनंद झाला होता की फोटो कसा आहे हे तिनं अजून पाहिलंच नव्हतं.

बाइंडरनं पाहिलं आणि तो बाकावर मागं सरकला. बायकोनं पुढं येऊन वाकून पाहिलं आणि तिला हसू फुटलं. "अगं आई गं," म्हणून तिनं तोंड दाबून धरलं. मग ताईनं नीट पाहिलं. काचेतली बाई डोळे वटारून बघत होती. बुबुळांभोवती सगळीकडून पांढरं दिसत होतं, भुवया वर ताणलेल्या, गळ्याच्या शिरा फुगलेल्या, समोर कुणी सुरी घेऊन उभं असावं तसा चेहरा. इतकी वर्षं घोटून घोटून केलेली सवय होती ती. एरवी ती दिसत नसे, पण कॅमेरा समोर आला की चेहरा आपोआप ताणला जायचा.

फोटोवाल्यालाही धक्का बसला. फोटोत ताई कशी दिसते हे त्यानं तरी कुठं पाहिलं होतं? तरुणपणची ती पट्टी कापल्यापासून त्यानं तिचा एकही फोटो काढला नव्हता. मग त्याच्या ध्यानात आलं की आपलं काम परस्पर झालं आहे, आणि त्याच्या अंगात उत्साह संचारला.

"बस, बस ताई, परत काढू! खर्च शून्य!" खळप. "सैल सोड अंग." खळप. "डोळे थोडे बारीक कर. थोडेसे हसल्यासारखे." खळप, खळप. आता तो मनापासून काढत होता, जीव ओतून काढत होता, आणि प्रत्येक फोटो बाइंडरला नेऊन दाखवत होता. ताई डोळे बारीक करायला बघायची तसतसे ते मोठे होत जायचे. पापण्या तिच्या ताब्यात राहिल्याच नव्हत्या. हे खरे फोटो त्या खोट्यांपेक्षा कितीतरी कामाचे निघाले. फोटोवाल्याला मनातल्या मनात गुदगुल्या झाल्या. माणूस एवढा नीच असू शकतो, आणि तरी त्या वेळी उजेडाचा कोन बिनचूक लावू शकतो.

बाइंडर उठला. त्यानं डिंकाची बोटं कपड्याला पुसली. "मुलीचा स्वभाव जरा असा आहे," तो म्हणाला. "तिला वाटेल... म्हणजे घाबरेल ती. एखादा बरा निघाला तर कळवा."

"तुम्ही मला रोज बघता ना?" ताईनं विचारलं. "मी अशी दिसते का?"

"तशा नाही दिसत तुम्ही," बाइंडर म्हणाला. तो खोटं बोलणारा माणूस नव्हता, फक्त भित्रा होता. "पण मुलीला फोटोच दिसणार ना." त्यानं अल्बमचा गठ्ठा काखेत मारला आणि तो दाराबाहेर पडला. रस्त्यावरून जाताना त्यानं एकदा काचेतून आत पाहिलं आणि चालण्याचा वेग वाढवला.

 मग फोटोवाल्यानं सुस्कारा सोडला. "असतं एकेकाचं नशीब, ताई. मनाला लावून घेऊ नकोस." बायको म्हणाली, "डोकं चढलं बाई माझं. वन्सं, चहा टाका ना."

ताई उठली नाही. "माझे डोळे कधी मिटलेच नाहीत," ती म्हणाली. "एकदाच मिटले, ते त्या काचेखाली आहेत. बाकी सगळे टक."

"ताई, जुन्या गोष्टी..."

"कशासाठी, बाळ? आईसाठी का? तोंडानं सांगितलं असतंस तर राहिले नसते का मी?" मग ती भावजयीकडं वळली. "तुलाही माहीत होतं."

भावजय खाली बघायला लागली. फोटोवाला दिवे विझवायला वळला.

"राहू दे दिवे," ताई म्हणाली. "काढ."

"काय काढ?"

"माझे राहिलेले. हवे तेवढे काढता येतात ना? मग हा तुझ्या लग्नातला. मुंडावळ्या बांधूनच कॅमेरा उचलला होतास, मांडवाच्या खांबाशी उभी होते मी. निळेच कपडे होते." ती स्टुलाशेजारी उभी राहिली आणि कॅमेऱ्यात बघायला लागली.

त्याला नाही म्हणता आलं असतं. पण ते डोळे त्याच्यावर लागलेले होते, आणि त्यांच्याकडं पाहत असताना नाही म्हणणं त्याला जमेना. खळप.

"हा आईजवळचा. खिडकीत बसवलं होतं आपण तिला. मी हात धरला होता." तिनं शेजारच्या रिकाम्या हवेत हात धरला. खळप.

"हा तुझा मुलगा झाला तेव्हाचा. पहिला मी घेतला होता त्याला." ती बसली आणि तिनं दोन्ही हातांची झोळी केली. मुलगा आता शिकायला बाहेर होता, सुट्टीत आला की मिटूआत्या म्हणून तिच्या पाठीत धपाटा घालायचा. "काढ." खळप.

"ताई, पुरे आता," फोटोवाला म्हणाला. त्याच्याच डोळ्यांतून पाणी यायला लागलं होतं. रडू नव्हतं ते. इतका वेळ एका डोळ्यानं त्या नजरेकडं बघून डोळा चुरचुरत होता. "अंधार पडला बाहेर. जेवणाचं बघायला नको का?"

"बाकी आहेत अजून." दुकानाला रंग दिला तेव्हाचा काढून झाला, आई गेली त्याच्या आदल्या वर्षीचा झाला, भावजयीच्या बहिणीच्या लग्नातला झाला. ताईला प्रत्येक ठिकाणची जागा आठवत होती, कुठं उभी होते, शेजारी कोण होतं, उजेड कुठून पडला. भावजय केव्हाच आत निघून गेली होती. चूल थंड होती, खळीच्या भांड्यावर साय धरली होती. प्रत्येक फोटोत तीच वटारलेली बाई येत होती, आणि ते डोळे मागच्या काचेतूनही त्याच्याकडं बघत होते. फोटोवाल्याला त्या खोलीत आयुष्यात पहिल्यांदा भीती वाटली.

"आता पहिला," ताई म्हणाली. तिनं केस मागं घेतले आणि हात मांडीवर ठेवले. "स्थळासाठी काढला होतास तो. तेव्हाची मी येऊ दे त्यात."

त्याला ती पट्टी आठवली, लाल दिव्यासमोर धरलेली, आणि कात्रीचा आवाज आठवला. त्यानं बटण दाबलं. काही झालं नाही. परत दाबलं. कॅमेऱ्याची बॅटरी उतरली होती, फ्लॅशचे सेल तेवढे वेगळे होते. दुसरी त्यानं घेतलीच नव्हती. हे सांगायला त्यानं तोंड उघडलं, पण समोरचे डोळे पाहून त्याचा धीर सुटला आणि अंगठा आपोआप मागं गेला. उजेड पडला.

टक.

ताई हलली नाही. "टक झालं, बाळ."

"बॅटरी संपली, ताई. खरंच संपली. शपथ घेऊन सांगतो." इतक्या वर्षांत तो तिच्याशी पहिल्यांदाच खरं बोलत होता, आणि ते त्याच्याच कानाला खोटं वाटत होतं.

"मग लाव चार्जिंगला."

"वेळ लागेल गं त्याला."

"लागू दे," ताई म्हणाली आणि स्टुलावर नीट सरसावून बसली. "मी बसलेय इथंच. मी कुठं जातेय आता?"